तार, धूळ आणि हेलिकॉप्टर

वाशिम जिल्ह्यात बडा पाहुणा आकाशमार्गे यायचा म्हटले, की एखादे रान मोकळे केले जाते, चुन्याचे वर्तुळ आखले जाते आणि पंचक्रोशी बघायला लोटते. पण आपण ज्याला मोकळे रान म्हणतो, ते वैमानिकाच्या दृष्टीने मोकळे असतेच असे नाही.

२५ मे २०१७ रोजी लातूर जिल्ह्यातील निलंग्याला याचा प्रत्यय आला. तत्कालीन मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस यांचे हेलिकॉप्टर उडाले खरे, पण उंची धरीना. खाली येताना ते विजेच्या तारांत अडकून कोसळले. आतले सहाही जण बचावले, हे दैव बलवत्तर म्हणूनच!

तार ही वैमानिकाची मोठी वैरीण. वरून पाहता ती जमिनीच्या रंगात विरून जाते. म्हणून जाणता वैमानिक तार शोधीत नाही, खांब शोधतो. दोन खांब दिसले, की मध्ये तार आहे असे धरून चालतो. ओलांडायचीच झाली तर खांबाच्या माथ्यावरून ओलांडतो. उतरण्यापूर्वी तो घिरटी घालून जागेचा विस्तार, उतार, जमीन आणि वारा पाहून घेतो. आणि होता होईल तो वाऱ्याकडे तोंड करूनच उतरतो.

दुसरी वैरीण धूळ. काळी माती उन्हाळ्यात भुसभुशीत होते. पात्यांचा झोत बसला, की असा लोट उठतो की वैमानिकाला जमीनच दिसेनाशी होते. ३ मे २०२४ रोजी रायगड जिल्ह्यातील महाडला उतरणारे हेलिकॉप्टर धुळीच्या लोटातच कलंडले. पावसाळ्यात तीच माती चाक गिळते. एका बाजूचे चाक रुतलेले असताना यंत्र उचलू गेले, तर ते कुशीवर पडते.

यावरचे उपाय मात्र साधे आहेत. जागेवर आधी पाणी मारावे. ताडपत्र्या, पत्रे, मंडपाचे कापड दूर न्यावे. वाऱ्याची दिशा कळेल असे निशाण बाजूला लावावे. पाती थांबेपर्यंत कुणी जवळ जाऊ नये. शेपटीकडून तर कधीच नाही, कारण तिथले फिरते पाते डोळ्यांना दिसत नाही.

आणि विहिरीच्या मोटारीसाठी कालच ओढलेली तार नकाशावर नसते. ती गावकऱ्यालाच ठाऊक असते. ती त्याने न विचारता सांगावी. उद्या पैनगंगेला पूर आला, तर येणारे हेलिकॉप्टर मंत्र्यासाठी नव्हे, आपल्याच माणसांसाठी आलेले असेल.