हुबेहूब गाणारा मुलगा

तुमच्या कॉलेजच्या गॅदरिंगला असा एक जण असतोच. अरिजित सिंगचं गाणं म्हणायला उभा राहतो आणि मागून शिट्ट्या येतात, ‘अरे, सेम टू सेम!’ मग वर्षभर कॅन्टीनमध्ये त्याचा चहा फुकट. आता कल्पना करा, हा मुलगा दहा-अकरा वर्षांचाच आहे. आणि तो एकाचं नाही, तर त्या काळातल्या भल्याभल्या गवयांचं गाणं ग्रामोफोनच्या तबकड्यांवरून उचलून जसंच्या तसं गातोय.

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकळी. जन्म ८ एप्रिल १९२४, बेळगावजवळचं सुळेभावी. एका मठाच्या स्वामींनी त्याला ‘कुमार गंधर्व’ ही पदवी दिली, तेव्हा तो अगदी लहान होता. (त्या वयात आपल्याला फार तर वहीवर ‘गुड’चा शिक्का मिळायचा!) पदवी इतकी चिकटली, की खरं नाव मागेच पडलं. गावोगावी जलसे, टाळ्या, कौतुक. थोडक्यात, पोरगं व्हायरल झालं होतं.

पण हुबेहूब गाणाऱ्याचं स्वतःचं गाणं कुठलं?

याचं उत्तर शोधायला सुरुवात झाली मुंबईत, प्रा. बी. आर. देवधरांच्या संगीत विद्यालयात. देवधर मास्तर विष्णु दिगंबर पलुस्करांचे शिष्य. पण एकाच घराण्याला कवटाळून बसणाऱ्यांतले नव्हेत. त्यांच्याकडे नाना घराण्यांच्या गवयांचा राबता असायचा आणि कुमार ते सगळं कान टवकारून ऐकायचे. पुढे तिथेच शिकवायला लागले, मैफली गाजायला लागल्या. १९४७ मध्ये गायिका भानुमती कंस यांच्याशी लग्न झालं. सगळं कसं रुळावर होतं.

आणि क्षयानं गाठलं.

तेव्हाचा टीबी म्हणजे आजच्यासारखा औषधांचा कोर्स करून बरं होण्याचा आजार नव्हता. स्ट्रेप्टोमायसिन नुकतंच आलं होतं आणि मिळवायला मुश्कील होतं. कोरडी हवा मानवेल म्हणून १९४८ च्या जानेवारीत हे जोडपं माळव्यातल्या देवासला गेलं. भानुमतीबाईंनी शाळेत नोकरी धरून घर चालवलं, नवऱ्याची शुश्रूषा केली. कुमार अंथरुणाला खिळलेले. एक फुफ्फुस जवळपास निकामी. डॉक्टरांचा हुकूम – गायचं नाही.

वय किती? चोविशीही पूर्ण नाही! तुमच्यातला कोणी एटीकेटी लागली, एक वर्ष ड्रॉप घ्यावा लागला म्हणून रात्र रात्र छताकडे बघत असेल, तर त्याला विचारा. बरोबरीचे पुढे चाललेत आणि आपण पडून आहोत, हे काय असतं ते त्यालाच कळेल. इथे तर पाच-एक वर्षं गेली.

गळा बंद होता, कान मात्र उघडे होते. शेतावर जाणाऱ्या बायकांची गाणी, लग्नातली गाणी, निर्गुणी भजनं गात फिरणारे साधू... ज्यांना कुणी ‘संगीत’ म्हणून मोजत नव्हतं, ते सूर खिडकीतून आत येत होते. चार-पाच सुरांची साधी धून. पण त्यातच रागाचं बी आहे, हे कुमारांना दिसायला लागलं. त्यातूनच पुढे मालवती, सहेली तोडी, लगनगांधार असे त्यांचे धुनउगम राग आले आणि १९६५ मध्ये ‘अनूपरागविलास’ हे पुस्तकही.

१९५२-५३ च्या सुमारास ते पुन्हा गायला लागले, ते वेगळेच होऊन. लहान लहान, विजेसारखे स्वरसमूह, मध्येच शांतता, मग अचानक झेप. जुन्या मंडळींनी नाकं मुरडली. एकाच फुफ्फुसावर गातात म्हणून असे तुकडे पाडतात, असंही म्हटलं गेलं. मला ते अर्धंच पटतं. दम कमी पडला म्हणून कुणाला इतक्या गोष्टी सुचत नाहीत.

बरं, दुःख तिथेच संपलं असंही नाही. १९६१ मध्ये बाळंतपणात भानुमतीबाई गेल्या. ज्यांच्या कष्टांवर ती पाच वर्षं निभावली, त्या. पुढे वसुंधराताईंशी विवाह झाला आणि मैफलीतली त्यांची साथ अखेरपर्यंत राहिली. १९९० मध्ये पद्मविभूषण मिळालं. १२ जानेवारी १९९२ ला कुमार गेले, ते देवासलाच.

एक कार्यक्रम मात्र नक्की शोधून ऐका. बालगंधर्वांची नाट्यगीतं. लहानपणी कुणाचीही नक्कल लीलया करणाऱ्या या माणसाला बालगंधर्वांची हुबेहूब नक्कल काय अवघड होती? पण त्यांनी कार्यक्रमाला नाव दिलं, ‘मला उमजलेले बालगंधर्व’. आज रात्री हेडफोन लावा. आधी बालगंधर्वांचं एखादं पद ऐका, मग तेच कुमारांचं. पहिल्या दोन मिनिटांत बंद करावंसं वाटेल. करू नका.