दोन व्होल्ट जातात कुठे?

जुन्या डिझेल जीपची एक खोड आहे, ती दुखणं अंगावर काढते. महिंद्राची एमएम ५४० घ्या. तिच्या प्यूजो इंजिनाला ठिणगी लागत नाही, डिझेलचा पंपही यांत्रिक. एकदा इंजिन धरलं की पुढे विजेवाचून फारसं अडत नाही. त्यामुळे चार्जिंग बंद पडलं तरी गाडी दिवसभर घाट चढते-उतरते. मालकाला पत्ता लागतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. हीटर प्लग तापवून सेल्फ मारावा तर नुसतं ‘टक्’. मग आधी बॅटरी बदलली जाते, आठवड्याने पुन्हा तेच झालं की अल्टरनेटर. तरीही रड कायम, कारण बिघाड बऱ्याचदा या दोघांत नसतो, दोघांच्या मधल्या रस्त्यात असतो.

लेड-ॲसिड बॅटरीत सहा सेल, प्रत्येकी सुमारे २.१ व्होल्टचे. म्हणून रात्रभर उभ्या असलेल्या गाडीची भरलेली बॅटरी १२.६ व्होल्ट दाखवते, १२.२ दिसले तर ती निम्मी रिकामी समजावी. तिच्यात प्रवाह ढकलायचा तर बाहेरचा दाब जास्त हवा, म्हणून रेग्युलेटर साधारण १३.८ ते १४.४ व्होल्ट राखतो. इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर १२.३ वर अडकला, तर तिला काही मिळत नाही हे नक्की. मात्र दोष कोणाचा, हे त्या आकड्यावरून कळत नाही.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याकडे आपण नुसती सूचना म्हणून बघतो. अल्टरनेटरच्या रोटरमध्ये कायमचा चुंबक नसतो, तारेचं वेटोळं असतं. त्याला चुंबक बनवणारा पहिला प्रवाह बऱ्याच जुन्या गाड्यांत याच दिव्यातून जातो. अल्टरनेटरने वीज निर्माण करायला सुरुवात केली की दिव्याच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब येतो, प्रवाह थांबतो आणि दिवा विझतो. किल्ली फिरवल्यावर तो लागलाच नाही, तर बल्ब उडालाय किंवा कार्बन ब्रश झिजलेत, असा संशय घ्यायचा. ओढ्यातून जाणाऱ्या गाडीत दुसरी शक्यता बळावते. अल्टरनेटर हवेने थंड होतो, त्यामुळे त्याला झरोके ठेवावेच लागतात. गढूळ पाणी तिथूनच शिरतं आणि बारीक रेती ब्रश खात बसते.

खरी गंमत पुढेच. दिवा शहाण्यासारखा विझतो, अल्टरनेटरच्या बोल्टवर १४.२ व्होल्ट दिसतात आणि बॅटरीवर १२.३. वाटेत गंजलेलं थिंबल असेल, त्याचा रोध ०.०५ ओहम धरा. ४० अँपिअर वाहताना तिथे दोन व्होल्ट पडतात आणि ८० वॉटची उष्णता होते; ते थिंबल हाताला चटका देतं. पण इंजिन बंद करून मीटर ओहमवर लावला, तर हा रोध सापडत नाही. मीटरच्या स्वतःच्या वायरींचाच रोध त्याहून जास्त असतो. शंभरातल्या नव्व्याण्णव तारा तुटलेली केबलही अशा चाचणीत पास होते.

तेव्हा मोजायचं ते प्रवाह वाहत असताना. इंजिन चालू, हेडलाइट चालू, मीटर व्होल्टवर. एक टोक अल्टरनेटरच्या मुख्य बोल्टला, दुसरं बॅटरीच्या धन खुंटीला. क्लॅम्पला नव्हे, थेट शिशाच्या खुंटीला. क्लॅम्प आणि खुंटी यांच्यामधला करडा थर हाच कित्येकदा चोर असतो. ०.३ व्होल्टपेक्षा जास्त दिसले तर रस्ता खराब. मग हेच अल्टरनेटरची बॉडी आणि ऋण खुंटी यांच्यात करायचं. ही अर्थची बाजू बहुतेक जण तपासतच नाहीत.

जुन्या जीपमध्ये तर तीच आधी तपासावी. इंजिन रबराच्या माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. इंजिन आणि चेसिस जोडते ती तांब्याची विणलेली पट्टी. गिअरबॉक्स उतरवताना कुणी ती काढली आणि परत लावली नाही, तर प्रवाह मिळेल ती वाट धरतो. कधी ॲक्सिलरेटरची केबलच तापते.

एक जुनी सवय मात्र सोडायला हवी. डायनामोच्या काळातले काही मिस्त्री इंजिन चालू ठेवून बॅटरीची वायर काढत. इंजिन बंद पडलं नाही तर डायनामो ठीक. डिझेल इंजिन तसंही बंद पडत नाही, म्हणजे परीक्षा फुकट. शिवाय अल्टरनेटरमध्ये रोटरचं चुंबकत्व क्षणात ओसरत नाही. भार एकदम सुटला की दाब कितीतरी व्होल्टनी उसळतो आणि डायोड उडतात. धडधाकट अल्टरनेटर मारायचा हा सोपा उपाय.

पट्टी नवी बसवताना चेसिसवरचा रंग धातू दिसेपर्यंत खरवडायचा, बोल्ट घट्ट आवळायचा आणि ग्रीस शेवटी, वरून लावायचं.