पेन्सिलीची वर्तुळे

वडिलांच्या खोलीतील दिनदर्शिकेवर दोन प्रकारच्या खुणा असत. दूध, गॅस, विजेचे देयक या नोंदी आमच्या. काही तारखांभोवती मात्र पेन्सिलीचे बारीक वर्तुळ असे, ते वडिलांचे. ४ फेब्रुवारी, २५ जुलै आणि १ ऑक्टोबर या पंडित भीमसेन जोशी, सुधीर फडके आणि ग. दि. माडगूळकर यांच्या जन्मतारखा. १ जूनलाही वर्तुळ असे, कारण १९२९ साली त्या दिवशी कोल्हापुरात ‘प्रभात’ची स्थापना झाली. या दिवशी वडील दार अर्धे लोटून घेत आणि तासभर ध्वनिफितीचा आवाज बाहेर येत राही. बोलावले तर ‘आलोच’ म्हणत. येत मात्र नसत.

घरात त्यांना ‘एकलकोंडे’ हे विशेषण चिकटले होते. ते निवृत्त झाल्यावर आम्ही त्यांना हास्यक्लबात घातले, सहलींना पाठवले. ते निमूटपणे जात आणि दमून परतत. आम्ही त्यांच्या प्रकृतीसाठी झटत होतो, अशी आमची समजूत होती.

कार्ल युंग या स्विस मानसशास्त्रज्ञाने १९२१ साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात अंतर्मुख आणि बहिर्मुख अशा दोन प्रवृत्ती मांडल्या. अंतर्मुखतेला त्याने आजार म्हटले नव्हते. पुष्कळ माणसांत आणि गोंगाटात अशा व्यक्तीचे बळ खर्च होते. एकांतात ते पुन्हा भरते. बुजरेपणा याहून निराळा. बुजऱ्या माणसाला मिसळायचे असते, पण भीती आडवी येते. अंतर्मुख माणसाला भीती नसते; त्याला थोडी माणसे आणि थोडे बोलणे पुरेसे वाटते.

अशा स्वभावाला पुण्याने पूर्वीपासून आसरा दिला आहे. ‘प्रभात’ १९३३ साली पुण्यात आली. तिचा ‘संत तुकाराम’ १९३६ साली प्रदर्शित झाला आणि पुढील वर्षी व्हेनिसच्या महोत्सवात गौरविला गेला. ‘प्रभात’च्या त्याच आवारात १९६० साली फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाली, तर १९६४ साली शहरात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय उभे राहिले. जुना चित्रपट पाहायला एकट्याने गेलेल्या माणसाकडे येथे कोणी वळून पाहत नाही. सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ १९५३ साली सुरू झालेल्या महोत्सवाचेही तसेच. हजारो श्रोत्यांत बसूनही तेथे कोणाशी बोलावे लागत नाही. शेजाऱ्याची मान त्याच समेवर हलली की पुरे. १९५५ च्या रामनवमीपासून पुणे आकाशवाणीने आठवड्याला एक याप्रमाणे ‘गीतरामायणा’ची ५६ गीते प्रसारित केली, तेव्हा घरोघरची माणसे आपापल्या जागी बसून एकाच वेळी तेच ऐकत होती. हा एकांत खरा, पण त्यात एकटेपणा नाही.

वडिलांच्या बाबतीत हे आम्हांला कळले, ते उशिराच. एका वर्षी २५ जुलै आली आणि गेली. खोलीतून सूर आला नाही. आमच्यापैकी कोणाच्याही ते ध्यानात आले नाही. बोलका माणूस गप्प झाला तर घर हादरते. मुळात शांत असलेला माणूस अधिक शांत झाला, तर ते कोणाला कळावे? ऑक्टोबरमध्ये त्यांनी ध्वनिफितींचा खोका ‘कोणाला तरी देऊन टाका’ म्हणून बाहेर ठेवला, तेव्हा मी चरकले. दिनदर्शिका पाहिली. जूननंतर एकही वर्तुळ नव्हते.

डॉक्टरांनी ‘लोकांत मिसळतात का?’ असे विचारलेच नाही. ‘पूर्वी ज्यात मन रमे, त्यात आता रमते का?’ हा त्यांचा पहिला प्रश्न होता. मग झोप, भूक, वजन यांची चौकशी झाली. त्यांनी थायरॉइडची आणि श्रवणाची तपासणी करवून घेतली. कारण ऐकू कमी येऊ लागले की संगीताचा आनंद हळूहळू निसटतो आणि माणूस ते बोलून दाखवत नाही. वडिलांचे कान ठीक होते. त्यांना नैराश्य आले होते. औषधे आणि समुपदेशन यांनी काही महिन्यांत उतार पडला.

या अनुभवातून आम्ही काही गोष्टी शिकलो. शांत व्यक्तीचे आरोग्य तिच्या बोलण्यावरून मोजू नये. तिचे लहानसे आनंद कोणते आहेत, हे घरातल्यांना ठाऊक असावे. ते आनंद थांबले, उदासी किंवा निरिच्छता दिवसाचा बहुतेक वेळ आणि दोन आठवडे टिकली, झोप वा भूक बिघडली, तर स्वभावाकडे बोट न दाखवता डॉक्टरांकडे जावे. जीव नकोसा झाल्याचे बोलणे किंवा जपलेल्या वस्तू अकस्मात वाटून टाकणे दिसले, तर एक दिवसही थांबू नये. शासनाची ‘टेलिमानस’ ही मोफत दूरध्वनी सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र उपलब्ध असते.

मुलांनाही हेच लागू आहे. वाढदिवसाच्या गर्दीतून उठून आतल्या खोलीत चित्रे काढत बसणाऱ्या मुलाला पाहुण्यांसमोर ‘हा जरा घुम्या आहे’ असे म्हणू नये. ते शब्द त्याच्यापाशी वर्षानुवर्षे राहतात. मात्र शाळेत जायच्या नुसत्या कल्पनेनेच त्याच्या पोटात दुखत असेल, तर ती अंतर्मुखता नव्हे. तेथे मदत हवी.

पुढच्या ४ फेब्रुवारीला वडिलांचे दार पुन्हा अर्धे लोटलेले होते. मी चहाचा कप घेऊन आत गेले. काही बोलले नाही; खुर्ची ओढून बसले. बऱ्याच वेळाने त्यांनी माझ्याकडे पाहिले आणि आवाज थोडा वाढवला.