हायस्कूल बँड : राखीव खेळाडू नसलेला संघ

अमेरिकेतील बहुतेक सार्वजनिक हायस्कुलांमध्ये, म्हणजे नववी ते बारावीच्या चार वर्षांत, बँड हा गणित-इतिहासाप्रमाणेच वेळापत्रकात तास असलेला, गुण आणि श्रेयांक मिळवून देणारा विषय असतो. त्याला पूर्णवेळ शिक्षक असतो, ज्याला ‘बँड डायरेक्टर’ म्हणतात, आणि मोठ्या शाळांत त्याच्या हाताखाली साहाय्यक शिक्षकही असतात. टेक्सास, न्यू जर्सी, इलिनॉय, कॅलिफोर्निया अशा राज्यांत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांतील मुले साधारण सहावीच्या सुमारास क्लॅरिनेट, फ्लूट किंवा ट्रम्पेट हाती घेतात आणि हायस्कूलच्या उंबरठ्यावर येतात, तेव्हा आईवडिलांची समजूत बहुधा अशी असते की आठवड्यातले काही तास चालणारा वाद्यवर्गच पुढे चालू राहणार आहे. ही समजूत पहिल्याच उन्हाळ्यात मोडते, कारण हायस्कूलमध्ये बँड मैदानावर उतरतो आणि विद्यार्थ्याला वाजवता वाजवता चालावे लागते.

चालत वाजवणाऱ्या या बँडला ‘मार्चिंग बँड’ म्हणतात. त्याचे मूळ लष्करी वाद्यवृंदांत आहे; विसाव्या शतकाच्या आरंभी विद्यापीठांनी तो फुटबॉलच्या मैदानावर आणला, १९०७ साली इलिनॉय आणि पर्ड्यू या विद्यापीठांच्या बँडनी मैदानावर रचना करून दाखवल्या, आणि १९२३ साली शिकागोत शालेय बँडची राष्ट्रीय पातळीवरील स्पर्धा झाली. आज इंडियानापोलिसच्या लुकास ऑइल स्टेडियममध्ये दर नोव्हेंबरात ‘बँड्स ऑफ अमेरिका’ची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा भरते, तर टेक्साससारख्या राज्याची स्वतःची स्वतंत्र आणि तितकीच चुरशीची व्यवस्था आहे. प्रत्येक शाळा या थराला जात नाही. अनेक शाळांचा बँड फक्त शुक्रवारच्या सामन्यांत आणि गावच्या मिरवणुकीत वाजवतो. म्हणून कुटुंबाने सर्वप्रथम विचारायचा प्रश्न हाच, की आपल्या शाळेचा बँड स्पर्धेत उतरतो का, आणि उतरत असल्यास कोणत्या पातळीवर.

शाळा उघडण्याआधी, जुलैच्या अखेरीस किंवा ऑगस्टच्या आरंभी, ‘बँड कॅम्प’ भरतो. नावात शिबिर असले तरी मुले बहुधा रोज घरी परततात. मात्र दिवसाचे अनेक तास तापलेल्या डांबरी वाहनतळावर किंवा गवतावर जातात. पहिले दिवस वाद्याविना चालण्याचे असतात. टाच आधी टेकवून पाऊल पुढे गुंडाळत न्यायचे, म्हणजे कंबरेवरचे शरीर हलत नाही आणि ओठांवरचे वाद्य डगमगत नाही. मागे चालताना टाच उचलून चवड्यांवर भार द्यायचा. आणि बाजूला सरकतानाही छाती प्रेक्षकांकडेच ठेवायची, कारण वाद्याचा आवाज छाती वळेल तिकडे जातो. नववीतील मुलाला हे सारे आठ-दहा दिवसांत अंगवळणी पाडावे लागते. पाण्याचा मोठा जग, रुंद कडांची टोपी, उन्हापासून संरक्षण देणारा मलम आणि नीट बसणारे बूट या वस्तू येथे वाद्याइतक्याच आवश्यक ठरतात, आणि नगाऱ्यांच्या फळीत उभ्या राहणाऱ्या मुलांना कानातले बोळे द्यावेत हे पालकांनी आग्रहाने पाहावे, कारण त्या वयात कमी झालेली श्रवणशक्ती परत येत नाही.

मैदानावर दिसणाऱ्या आकृत्या भूमितीवर उभ्या असतात. अमेरिकी फुटबॉलचे मैदान शंभर यार्ड लांब असून त्यावर दर पाच यार्डांवर आडवी रेघ असते. पाच यार्डांचे अंतर आठ पावलांत कापायचे, म्हणजे एक पाऊल साडेबावीस इंचांचे, हे बहुतेक बँडचे मूळ माप आहे. प्रत्येक विद्यार्थ्याला स्वतःचा क्रमांक आणि त्या क्रमांकाची जागांची यादी मिळते. अमुक आकृतीत अमुक रेघेपासून दोन पावले आत आणि पुढच्या कडेपासून बारा पावले मागे, अशा नोंदीला ‘डॉट’ म्हणतात आणि एका आकृतीला ‘सेट’. सात-आठ मिनिटांच्या कार्यक्रमात असे कित्येक सेट असतात. पूर्वी त्यांची वही गळ्यात अडकवलेली असे, आता अनेक ठिकाणी ती मोबाइलवर असते. एका सेटवरून दुसऱ्यावर सोळा मात्रांत पोहोचायचे, चूक झाली की संपूर्ण बँडने धावत मागच्या सेटवर जायचे आणि तेच पुन्हा करायचे, अशा पुनरावृत्तीत संध्याकाळ संपते. त्यात वाजवायचे संगीत तोंडपाठ असावे लागते, कारण स्पर्धेत उतरणारे बँड मैदानावर कागद नेत नाहीत. क्लॅरिनेट किंवा ट्रम्पेट वाजवणाऱ्यासाठी गुंतागुंत आणखी एका पातळीवर असते: त्याच्या कागदावर ‘सी’, म्हणजे पांढरी एक, लिहिलेली असताना वाद्यातून ‘बी फ्लॅट’, म्हणजे काळी पाच, निघते. घरी पेटी किंवा सिंथेसायझर असलेल्या पालकांनी मुलाच्या स्वरांवर शंका घेण्याआधी ही गोष्ट लक्षात घ्यावी.

परंतु या कलेतील खरी कठीण गोष्ट ध्वनीच्या वेगात दडलेली आहे, आणि ती सराव पाहणाऱ्याला सहजी उमगत नाही. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, आणि मैदानाची रुंदी जवळजवळ ४९ मीटर असते. तेव्हा मागच्या कडेवरून निघालेला आवाज पुढच्या कडेपर्यंत यायला सेकंदाचा सुमारे सातवा भाग लागतो. मिनिटाला १६० मात्रांच्या लयीत एक मात्रा सेकंदाच्या तीन-अष्टमांश भागाएवढी असते, म्हणजे हा विलंब मात्रेच्या एक तृतीयांशाहून अधिक भरतो. मागे उभ्या असलेल्या मुलाने पुढच्याचे ऐकून वाजवले, तर प्रेक्षकांना त्याचा स्वर दुप्पट उशिरा ऐकू येईल. म्हणून त्याने कानांवर भरवसा न ठेवता मंचावर उभ्या असलेल्या ‘ड्रम मेजर’च्या हाताकडे पाहायचे असते. ड्रम मेजर हा बँडमधलाच, निवडीने आलेला विद्यार्थी असतो. उलट पुढच्या कडेवर, मारिंबा, व्हायब्राफोन, झायलोफोन अशी न हलवता वाजवायची वाद्ये सांभाळणाऱ्या गटाने हाताकडे न पाहता मागून येणाऱ्या नगाऱ्यांचा आवाज ऐकून त्याच्याशी जुळवून घ्यायचे असते. जवळचे ऐकून साथ धरायची, हा घराघरांत मुरलेला संगीताचा संस्कार येथे जागेनुसार बदलतो, आणि चौदा-पंधरा वर्षांची मुले तो बदल आत्मसात करतात, ही गोष्ट मनापासून आदर वाटावा अशी आहे.

यातूनच हजेरीविषयीची कडक शिस्त येते, जी नव्या कुटुंबांना बहुधा जाचक वाटते. फुटबॉलच्या संघात बाकावर राखीव खेळाडू बसलेले असतात. बँडमध्ये बहुतेक ठिकाणी तसा बाक नसतो, आणि प्रत्येक डॉटवर एकच विद्यार्थी नेमलेला असल्यामुळे एक जण आला नाही तर वर्तुळात भोक दिसते आणि त्याच्या शेजाऱ्यांना अंतर कोणाकडे पाहून राखावे हे कळेनासे होते. पुण्यातील ढोलताशा पथकाच्या सरावाला गेलेल्या पालकांना सामूहिक लयीची ही ओढ ओळखीची वाटेल. पथकात मात्र सराव गणेशोत्सवासाठी असतो, आणि येथे गणेशोत्सव नेमका मार्चिंग हंगामाच्या ऐन भरात येतो. गावातील मंडळाचा कार्यक्रम बहुधा शनिवार-रविवारी ठेवलेला असतो, आणि स्पर्धाही बहुतांशी शनिवारीच होतात. ही अडचण बँड डायरेक्टरला आगाऊ लेखी कळवली तर एखाद्या सरावापुरती मोकळीक मिळू शकते; स्पर्धेच्या दिवशी ती मिळण्याची अपेक्षा धरू नये, आणि मुलाला आदल्या रात्री दोन निष्ठांच्या कात्रीत सापडू देऊ नये.

हंगामातला आठवडा कसा जातो, हे आधी माहीत असलेले बरे. टेक्सासमध्ये शाळेच्या वेळेबाहेरचा सराव आठवड्याला आठ तासांपर्यंत मर्यादित ठेवण्याचा नियम आहे, पण सामने आणि स्पर्धा त्या हिशेबात धरल्या जात नाहीत. शुक्रवारी रात्री फुटबॉलचा सामना, त्यात मध्यंतराचा कार्यक्रम. शनिवारी पहाटे पुन्हा शाळेत हजर, मालमोटारीत वाद्ये चढवणे, तासन् तास बसप्रवास, सूर आणि अंग मोकळे करण्याची वेळ, आणि मग ते सात-आठ मिनिटांचे सादरीकरण. परीक्षक संगीत, चाल आणि एकूण परिणाम असे स्वतंत्रपणे गुण देतात व कार्यक्रम पाहता पाहता आपली टिप्पणी ध्वनिमुद्रित करतात. ती मुद्रणे सोमवारी वर्गात ऐकवली जातात, आणि मुलांचे खरे शिक्षण कित्येकदा त्या सोमवारीच होते. निकाल रात्री उशिरा लागतो, घरी परतायला मध्यरात्र उलटते. अशा दिवशी मुलांच्या जेवणाची सोय बहुधा पालकच करतात, आणि शाकाहारी मुलासाठी त्यात काय असेल हे हंगामाच्या आरंभीच विचारून ठेवावे.

बँडमधील मुलांच्या पालकांच्या संघटनेला ‘बूस्टर क्लब’ म्हणतात. शाळेकडून मिळणारा निधी प्रवास, रचनाकारांचे मानधन, झेंडे आणि देखाव्याची सामग्री यांना पुरत नाही. तो खड्डा हा क्लब निधी उभारून आणि कुटुंबांकडून वार्षिक शुल्क घेऊन भरतो. हे शुल्क कुठे काहीशे डॉलर, तर स्पर्धेतील मोठ्या बँडमध्ये हजाराच्या वरही जाते. गणवेश आणि सूझाफोन, बॅरिटोन यांसारखी मोठी वाद्ये सामान्यतः शाळाच देते. लहान वाद्य भाड्याने किंवा हप्त्यांनी घ्यावे लागते. ज्यांना शुल्क झेपत नाही त्यांच्यासाठी बहुतेक क्लबांत सवलतीची तरतूद असते आणि ती मागण्यात कमीपणा मुळीच नाही. पैशापेक्षा मोठी मागणी वेळेची आहे: वाद्ये ढकलत मैदानाच्या कडेपर्यंत नेणे, शेकडो गणवेशांची बटणे तपासणे, बसमधून मुलांबरोबर सोबतीला जाणे. ज्या आईवडिलांचा त्या गावात फारसा परिचय नाही, त्यांना शेजारधर्म जोडण्याची अशी संधी दुसरीकडे क्वचितच मिळते.

नोव्हेंबरनंतर बँड सभागृहात परततो, आणि ज्या मुलाला चालण्यापेक्षा वाजवण्याची ओढ आहे त्याचे वर्ष खरे तर तेव्हा सुरू होते. निवडचाचणीनुसार मुलांची तीन-चार वाद्यवृंदांत विभागणी होते, ओबो आणि बॅसून यांसारखी मैदानावर न जाणारी वाद्ये पुन्हा बाहेर निघतात, आणि वसंत ऋतूत मूल्यमापन होते. त्यातला एक भाग विलक्षण असतो: कधीही न पाहिलेली रचना विद्यार्थ्यांसमोर ठेवतात, डायरेक्टरला ती समजावून सांगायला ठरावीक काही मिनिटे मिळतात, त्या वेळात मुले वाद्य न फुंकता नुसती बोटे चालवतात आणि स्वर गुणगुणतात, आणि मग संपूर्ण रचना पहिल्यांदाच वाजवतात. स्वरलिपी वाचण्याच्या या कसबाची किंमत मराठी वाचकाला अपरिचित नसावी; गोव्यातील चर्चच्या शाळांत स्वरलिपी शिकलेल्या वादकांनीच मुंबईच्या चित्रपटसंगीताचे वाद्यवृंद अनेक दशके पेलले होते.

अभ्यासाचा प्रश्न टाळता येत नाही. टेक्सासमध्ये १९८४ पासून नापास विद्यार्थ्याला काही आठवडे स्पर्धांपासून दूर ठेवण्याचा कायदा आहे, त्यामुळे बँडमधील मुलांना अभ्यास सोडून चालतच नाही. दुसरी बाब अधिक नाजूक आहे. अनेक शाळांत बँडच्या तासाला अतिप्रगत विषयांइतके वजन मिळत नाही, आणि वर्गातील क्रमांकावर राज्य विद्यापीठांचा प्रवेश देणाऱ्या टेक्सासच्या १९९७ च्या कायद्यामुळे हा फरक कुटुंबांना बोचतो. ही हानी खरी आहे आणि ती मुलासमोर मोकळेपणाने मांडावी. परंतु चार वर्षे एकाच जागेसाठी उत्तरदायी राहण्याचा अनुभव क्रमांकाच्या हिशेबात न बसणारा असला तरी तो गौण नव्हे, आणि केवळ गुणांसाठी मुलाकडून वाद्य काढून घेणे हा चुकीचा निर्णय ठरतो. मुलाला स्वतःलाच बँड नको असेल, तर त्याने हंगाम पुरा करून, पुढच्या वर्षीच्या जागा ठरण्याआधी तसे सांगावे.

पुढच्या हंगामाचे वेळापत्रक बहुतेक शाळा वसंत ऋतूतच जाहीर करतात. भारतात सुट्टीला जाणाऱ्या कुटुंबांनी विमानाची तिकिटे काढण्यापूर्वी त्यातली बँड कॅम्पची पहिली तारीख पाहावी आणि परतीचा दिवस त्याच्या किमान एक आठवडा आधीचा ठेवावा, म्हणजे मुलाची झोप पूर्वपदावर येईल आणि पहिल्या दिवशी ते मैदानावर हजर असेल.