मॉलमधली सिम्फनी आणि आपली पायपेटी

जुन्या गाण्याला हात लावला की घरातली मोठी माणसं नाक मुरडतात ना? त्यांना हा किस्सा सांगा.

८ डिसेंबर १९२१. अमेरिकेतलं फिलाडेल्फिया. वानामेकर नावाच्या दुकानात, म्हणजे तेव्हाच्या मॉलमध्येच, एक अवाढव्य पाइप ऑर्गन बसवलेला. वाजवायला फ्रान्सचा मार्सेल द्यूप्रे. त्याच्यासमोर ऐन वेळी काही चाली ठेवल्या गेल्या, त्यात जुन्या लॅटिन भजनांच्याही होत्या. पठ्ठ्यानं त्या घेऊन ख्रिस्ताच्या आयुष्यावर अख्खी सिम्फनी तिथल्या तिथं वाजवली! पुढे ती लिहून काढली, तीच 'सिम्फनी-पॅशन'.

ही जुनी भजनं म्हणजे ग्रेगोरियन चँट. हजारेक वर्षांपूर्वीपासून युरोपातल्या मठांत सगळे मिळून एकच चाल गायचे. साथीला वाद्य नाही, ठेका नाही. विसाव्या शतकातल्या फ्रेंच ऑर्गनवादकांनी त्यातून नवं संगीत घडवलं. शार्ल तूर्नमीरनं १९२७ ते १९३२ या काळात चर्चच्या वर्षभराच्या उपासनेसाठी ५१ रचनासंच लिहिले. मूळ चाल ओळखू येते, पण भोवतीचे सूर एकदम आजचे.

तुम्ही म्हणाल, याचा कोल्हापूरशी काय संबंध? आहे की! आपल्या गोविंदराव टेंबेंनी १९११ च्या 'मानापमान' नाटकाला चाली दिल्या, त्या बंदिशी आणि ठुमऱ्यांच्या पायावरच. चाल ओळखीची, शब्द आणि प्रसंग नवे. द्यूप्रेच्या मैफलीआधी पाचच महिने, जुलै १९२१ मध्ये, मुंबईत बालगंधर्व आणि आपले केशवराव भोसले यांनी याच नाटकाचा गाजलेला संयुक्त प्रयोग केला होता.

बालगंधर्वांच्या साथीलाही ऑर्गन असायचा. पण आपला ऑर्गन म्हणजे पायपेटी. तिच्यात पाइप नसतात, हार्मोनियमसारख्या पितळी पट्ट्या असतात. पायानं भाता मारायचा, त्यामुळे दोन्ही हात वाजवायला मोकळे. सूर लांबतो, गाणाऱ्याला श्वास घ्यायला जागा मिळते.

आज पायपेटीच्या जागी बहुतेक ठिकाणी कीबोर्ड दिसतो. ८ ऑगस्ट २०२४ ला, केशवरावांच्या जयंतीच्या आदल्याच रात्री, त्यांच्या नावाचं नाट्यगृह जळालं तेव्हा अख्खं कोल्हापूर हळहळलं. इमारत पुन्हा बांधता येते. चालीचं तसं नाही. ती कुणाच्या तरी गळ्यात आणि बोटांत असावी लागते. त्यामुळे नवं करायला घाबरू नका. फक्त आधी मूळ चाल नीट शिका. द्यूप्रे आणि टेंबे दोघांनीही तेच केलं होतं.

हे ऐकाच!
• मोरिस द्यूरुफ्ले : 'वेनी क्रिएटर'वरची १९३० ची ऑर्गन रचना. आधी मूळ चँट ऐका, मग ही.
• मार्सेल द्यूप्रे : 'सिम्फनी-पॅशन'. हेडफोन लावून.
• बालगंधर्वांचं कुठलंही नाट्यपद. या वेळी गाण्यामागचे सूर ऐका.