दुखून गेलेली कंबर लोखंड उचलते तेव्हा

आज रात्री झोपायच्या आधी भिंतीला पाठ टेकवून उभे राहा आणि घरातल्या कुणाला तरी डोक्याच्या उंचीवर पेन्सिलीने खूण करायला सांगा. उद्या सकाळी उठल्या उठल्या तिथेच पुन्हा उभे राहा. नवी खूण जुनीच्या वर येईल, साधारण एक-दीड सेंटिमीटर! रात्रीत तुम्ही उंच झालात. आणि नवी मुंबईतल्या खारघरहून लोकल धरून, दिवसभर ऑफिसात बसून, संध्याकाळी ओवे गावात परत येईपर्यंत ती मिळालेली उंची पुन्हा गेलेली असेल.

कुठे जाते ती? पाठीच्या कण्यात मणक्यामणक्यांच्या मध्ये मिळून २३ गाद्या असतात. प्रत्येक गादीच्या पोटात पाणी धरून ठेवणारा मऊ गर आणि त्याच्याभोवती चिवट तंतूंची थरावर थर गुंडाळलेली कडी. दिवसभर शरीराचा भार पडला की गादीतलं थोडं पाणी बाहेर पिळलं जातं, रात्री आडवे झालात की ते परत शोषलं जातं. अंतराळात तर भार नावाची गोष्टच उरत नाही, म्हणून अंतराळवीरांची उंची तीन टक्क्यांपर्यंत वाढते. आता गंमत बघा. पाठीवर कसलंच ओझं नसलेल्या या माणसांपैकी अनेकांची पहिल्या काही दिवसांत कंबर दुखते!

याहून मोठं आश्चर्य म्हणजे मोठ्या माणसाच्या या गादीत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतातच. रक्ताचा थेट पुरवठा नसताना जगणारा एवढा मोठा भाग शरीरात दुसरा नाही. वरच्या आणि खालच्या मणक्यातून जे झिरपेल त्यावर तिथल्या पेशी दिवस काढतात. अशा गरीब पोषणावर ती आयुष्यभर काय काय पेलते, ते आपल्याला ठाऊक आहे, कारण एका माणसाने ते मोजू दिलं.

जर्मनीतल्या उल्म शहरात हान्स-योआखिम विल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४५ वर्षांच्या एका निरोगी स्वयंसेवकाच्या कंबरेतल्या गादीत दाब मोजणारी बारीक सुई बसवली. तिच्यासह त्याला झोपवलं, बसवलं, चालवलं, वजन उचलायला लावलं. निष्कर्ष १९९९ साली प्रसिद्ध झाले. आडवं पडल्यावर गादीतला दाब ०.१ मेगापास्कल. नुसतं उभं राहिल्यावर ०.५, म्हणजे मोटारीच्या टायरमधल्या हवेच्या दुपटीहून जास्त. कंबरेतून वाकून २० किलो उचलले तेव्हा २.३, टायरच्या दहापट! तेच २० किलो गुडघे वाकवून उचलले तेव्हा १.७. आणि छातीशी कवटाळून धरले तेव्हा अवघे १.१. वजन तेच, माणूस तोच, गादी तीच. फक्त धरण्याची रीत बदलली आणि दाब निम्म्यावर आला.

हे कसं घडतं? हिशेब शाळेतल्या तरफेचा आहे. कण्याला मागून सावरणारे स्नायू गादीच्या मध्यापासून जेमतेम पाच सेंटिमीटर मागे असतात. तुम्ही २० किलोचा बार कण्यापासून ५० सेंटिमीटर पुढे धरलात, तर तो तोलायला त्या स्नायूंना दहापट, म्हणजे २०० किलोच्या ताकदीने ओढावं लागतं. शरीराच्या वरच्या भागाचं वजन तर अजून धरलेलंच नाही. बार २० सेंटिमीटरवर आणा, ओढ ८० किलोवर येते. जिममधला ट्रेनर डेडलिफ्ट, म्हणजे जमिनीवरचा बार उचलून ताठ उभं राहणं, शिकवताना ‘बार पायाला घासत वर आला पाहिजे’ असं का ओरडतो, ते या दोन आकड्यांत आहे.

आता ज्याची कंबर एकदा धरली आहे तो म्हणेल, एवढा दाब पडत असेल तर वजनाच्या वाटेला जायचंच कशाला? डॉक्टरांनी वाकू नका म्हणून सांगितलंय, एमआरआयमध्ये गादी बाहेर आलेली दिसतेय, शेजारी म्हणतात मणक्यात गॅप आहे. ही भीती मी हसण्यावारी नेणार नाही. ज्याला पहाटे मोजे घालता आले नाहीत, त्याला ती भीती शिकवावी लागत नाही. आणि असा माणूस एकटा नाही. २०२० साली जगात सुमारे ६१.९ कोटी लोकांना कंबरदुखी होती. माणसाला कामावाचून बसवणारं याहून मोठं कारण जगात नाही.

पण एमआरआयचं चित्र आपल्याला काय सांगतं? २०१५ साली ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा ३,११० माणसांच्या तपासण्या एकत्र करून पाहिल्या गेल्या. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गादीत झीज होती. पन्नाशीत ८० टक्के लोकांत, आणि फुगलेली गादी ६० टक्के लोकांत. सगळे ठणठणीत! म्हणजे रिपोर्टमधले भयंकर शब्द बऱ्याचदा केस पिकण्यासारख्या वयाच्या खुणा असतात. कंबरदुखीच्या बहुसंख्य रुग्णांत तर दुखण्याचं नेमकं एक ठिकाण बोट ठेवून दाखवताच येत नाही.

आणि गादीतला गर खरोखरच बाहेर आला असेल तर? इथे शरीर जे करतं ते वाचून मी थक्क झालो. हा गर रक्तापासून कायम बंदिस्त राहिलेला असतो. तो फुटून बाहेर आला की संरक्षक पेशींना तो अनोळखी वाटतो, त्या धावून येतात आणि त्याला अक्षरशः खाऊन टाकू लागतात. गर जितका जास्त बाहेर, तितकी ही सफाई जोरात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात सुटून वेगळा पडलेला तुकडा ९६ टक्के रुग्णांत शस्त्रक्रियेशिवाय आक्रसला होता, तर नुसती फुगलेली गादी फक्त १३ टक्क्यांत. चित्रात जे सर्वांत वाईट दिसतं तेच सर्वांत जास्त वेळा आपोआप ओसरतं!

मग दुखणं गेलं की सगळं पूर्ववत झालं का? नाही, आणि जिमची गरज नेमकी इथे सुरू होते.

कण्याला अगदी चिकटून, मणक्यामणक्याला बांधलेला मल्टिफिडस नावाचा एक खोल स्नायू आहे. ऑस्ट्रेलियातल्या ज्युली हाइड्स यांनी पहिल्यांदाच कंबर धरलेल्या रुग्णांचा हा स्नायू सोनोग्राफीने पाहिला. ज्या बाजूला दुखत होतं, त्याच बाजूला, ठराविक मणक्यापाशी तो बारीक झालेला होता. काही आठवड्यांत दुखणं थांबलं, माणसं कामाला लागली. स्नायू मात्र तसाच रोड राहिला. कुणी तक्रार करत नव्हतं, म्हणून कुणी बघतही नव्हतं. ज्या रुग्णांना या स्नायूचा खास व्यायाम दिला त्यांचा तो भरून आला. वर्षभराने पाहिलं तर व्यायाम न केलेल्या गटात ८४ टक्के लोकांची कंबर पुन्हा दुखली होती, व्यायाम केलेल्यांत ३० टक्के लोकांची. अभ्यास लहान होता, अवघ्या ३९ रुग्णांचा. पण दुखणं संपणं आणि बरं होणं या दोन वेगळ्या तारखा आहेत, हे इतकं स्वच्छ दाखवणारं काम मला दुसरं सापडलं नाही.

त्याच देशात १९९६ साली पॉल हॉजेस आणि कॅरोलिन रिचर्डसन यांनी आणखी एक सूक्ष्म गोष्ट पकडली. तुम्ही हात झटकन वर केलात तर आधी कुठला स्नायू जागा होतो? खांद्याचा? निरोगी माणसात त्याच्याही आधी पोटाचा सर्वांत आतला, पट्ट्यासारखा स्नायू आवळतो. हात हलण्यापूर्वीच शरीर कंबर बांधून घेतं! कंबरदुखीचा इतिहास असलेल्या माणसांत हा स्नायू उशिरा जागा झाला.

म्हणजे नवखा माणूस जिमच्या पायऱ्या चढतो तेव्हा ताकदीबरोबर त्याला आपल्या मज्जासंस्थेची ही विस्कटलेली वेळही बसवायची असते. सुदैवाने शरीर शिकतंही त्याच क्रमाने. पहिल्या काही आठवड्यांत उचलता येणारं वजन भराभर वाढतं, पण दंड आरशात तेवढेच दिसतात. स्नायू अजून फारसा वाढलेला नसतो. मेंदू आणि मज्जारज्जू असलेल्याच तंतूंना जास्त संख्येने, जास्त वेगाने कामाला बोलवायला शिकलेले असतात. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात एडवर्ड स्क्रिप्चर यांनी १८९४ सालीच दाखवलं होतं की एका हाताला सराव दिला की सराव न दिलेल्या दुसऱ्या हाताचीही ताकद वाढते. ती ताकद स्नायूत नसेल तर कुठे होती?

ट्रेनर म्हणतो, ‘दहा-दहाचे तीन सेट मारा.’ हा आकडा कुठून आला असेल? एका लष्करी इस्पितळातून! दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस शिकागोच्या गार्डिनर इस्पितळात गुडघे जायबंदी झालेले सैनिक महिनोन्महिने पडून होते. तेव्हाची रीत हलक्या हाताने, पुष्कळ वेळा हालचाली करवण्याची. थॉमस डीलॉर्म या तरुण डॉक्टरांना लहानपणी ऱ्हुमॅटिक फीव्हरने अंथरुणाला खिळवलं होतं आणि पुढे वजनं उचलूनच त्यांनी अंगात बळ आणलं होतं. त्यांनी सैनिकांना जड वजन दिलं आणि ते पायरीपायरीने वाढवलं. १९४५ साली त्यांनी ही पद्धत मांडली. १९४८ साली आर्थर वॉटकिन्स यांच्याबरोबर तिला सुटसुटीत रूप दिलं: दहा वेळा जेमतेम उचलता येईल असं वजन ठरवा, पहिला सेट त्याच्या निम्म्याने, दुसरा पाऊण वजनाने, तिसरा पूर्ण. धडधाकट माणसं आज जिममध्ये जे करतात ते दुखापत झालेल्या माणसांसाठी जन्माला आलं होतं.

आपल्याकडेही बळ आणि उपचार ही दोन घरं नव्हती. बडोद्याच्या जुम्मादादा व्यायाममंदिरात तरुण घडवणारे राजरत्न माणिकराव हाडवैद्य म्हणूनही तितकेच नावाजलेले होते. तालमीत नवख्याला वस्ताद आधी जोर-बैठका घालायला लावतो, हौद्यातली माती फावड्याने उकरायला लावतो, मुद्गलासारखा जड करेला त्यानंतर. पनवेलच्या भातखाचरांत तर तालमीचीही गरज नव्हती. लावणीला वाकणं, भारे उचलून डोक्यावर घेणं हे पाठीला लहानपणापासून थोडं थोडं वाढत मिळायचं. आज त्याच परिसरात खारघरचे मनोरे आहेत, ओवे महानगरपालिकेत आलंय, आणि पाठीला मिळते ती खुर्ची. जिम ही हौस आहे असं मी म्हणूच शकत नाही. काढून घेतलेलं काम पाठीला परत देण्याची ती जागा आहे.

सुरुवात कशी करायची? आधी एक काठी घ्या. ती पाठीवर उभी धरा, डोक्याचा मागचा भाग, पाठीचा मधला भाग आणि माकडहाड अशी तीन ठिकाणी टेकलेली. आता गुडघे किंचित सैल सोडून कुल्ले मागे ढकला आणि पुढे झुका. तिन्ही टेकू सुटले नाहीत तर तुम्ही कंबरेऐवजी खुब्यातून वाकलात. डेडलिफ्टचं निम्मं शिक्षण इथे झालं. मग हलकं डंबेल छातीशी धरून बैठक, केबल पोटाकडे ओढणं, दोन्ही हातांत वजन घेऊन ताठ चालणं. आठवड्यातून दोन दिवस पुरेत. मोकळा बारच बहुतेक ठिकाणी २० किलोचा असतो, त्याला घाईने हात लावू नका. उचलण्याआधी श्वास घेऊन पोट चहूबाजूंनी कडक करा. पोटातला वाढलेला दाब कण्याला पुढून आधार देतो. रक्तदाब असेल तर मात्र श्वास कोंडून ठेवू नका, उचलताना हळूहळू सोडा.

पहाटेची लोकल धरणाऱ्यांसाठी एक खास गोष्ट. रात्रभर पाणी पिऊन गाद्या टम्म फुगलेल्या असतात, त्यामुळे उठल्या उठल्या वाकल्यास त्यांच्यावर ताण दिवसापेक्षा कितीतरी जास्त येतो. पहाटे वाकणं टाळल्याने जुनी कंबरदुखी कमी झाल्याचंही १९९८ सालच्या एका प्रयोगात दिसलं. उठल्यावर तासभर जाऊ द्या, चालून या, मग बार.

थोडं दुखलं तर? व्यायाम करताना सौम्य जाणवणारं आणि दुसऱ्या दिवसापर्यंत निवणारं दुखणं चालतं. तसं झालं नाही तर वजन कमी करा. अंथरूण धरू नका. १९९५ साली हेलसिंकीत झालेल्या प्रयोगात कंबर धरल्यावर पडून राहिलेल्यांपेक्षा जमेल तेवढी रोजची कामं करत राहिलेले लवकर बरे झाले. पण लघवी-शौचावरचा ताबा सुटला, मांड्यांच्या मधली जागा बधिर झाली, पायातली शक्ती जाऊ लागली, तर जिम विसरा आणि त्याच तासाला इस्पितळ गाठा. दुखण्याबरोबर ताप असेल, कारण नसताना वजन उतरत असेल, पडल्यानंतर दुखू लागलं असेल किंवा पूर्वी कर्करोग झाला असेल, तर डॉक्टरांना दाखवूनच पुढे जा.

वय झालंय असं वाटतंय? १९९० साली बॉस्टनमध्ये मारिया फियातारोन यांनी वृद्धाश्रमातल्या नव्वदीच्या घरातल्या दहा जणांच्या पायांना जड वजनाचा व्यायाम दिला. आठ आठवड्यांत ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली. हाडं तर आणखी चकित करतात. ऑस्ट्रेलियात २०१७ सालच्या प्रयोगात हाडं ठिसूळ होऊ लागलेल्या, पाळी थांबलेल्या स्त्रियांनी देखरेखीखाली आठवड्यातून दोनदा, अर्धा अर्धा तास, डेडलिफ्टसह जड वजनं उचलली. आठ महिन्यांत त्यांच्या कंबरेच्या मणक्यांची घनता २.९ टक्क्यांनी वाढली, हलका व्यायाम केलेल्यांची १.२ टक्क्यांनी घटली. गादीसुद्धा मागे नाही: नियमित धावणाऱ्यांच्या गाद्या बैठं काम करणाऱ्यांपेक्षा जाड आणि जास्त पाणीदार असल्याचं त्याच वर्षी दिसलं.

मात्र प्रत्येकाचा वेग निराळा. मज्जासंस्था काही आठवड्यांत शिकते, स्नायू दोन-तीन महिन्यांत भरतो, हाडाला आठ महिने लागतात आणि रक्ताविना जगणारी गादी तर सर्वांत सावकाश. म्हणून सहाव्या आठवड्यात वजन एकदम सोपं वाटू लागेल आणि बारला मोठी प्लेट लावायचा मोह होईल, तेव्हा सव्वा किलोचीच लावा.