घर आणि त्याचा दाखला

‘घर पाहावें बांधून’ अशी म्हण आपल्याकडे आहे. परंतु बांधलेलें घर विकणेंही कांहीं सोपें नाहीं. वडिलांनीं हौसेनें बंगला बांधिला, त्यांत कुटुंब तीस-चाळीस वर्षें नांदलें. पुढें भावाभावांनीं एकमतानें तो विकण्याचें ठरविलें, गिऱ्हाईकही मिळालें, आणि कर्ज देणाऱ्या बँकेच्या वकिलानें विचारिलें, “पूर्णत्वाचा दाखला कोठें आहे?” पेटींत घरपट्टीच्या पावत्या ढीगभर निघतात, तो एक कागद मात्र निघत नाहीं.

येथें पुष्कळ सुशिक्षितांचीही गल्लत होते. नकाशाची मंजुरी ही घर बांधण्याची अनुज्ञा होय. घर त्या नकाशाबरहुकूम झालें आहे, अशी खात्री पटल्यावर महापालिका जो दाखला देते, ती तेथें राहण्याची अनुज्ञा. १९४९ च्या महानगरपालिका अधिनियमाच्या २६३ व्या कलमांत ही तरतूद आहे. घरपट्टी भरल्यानें ही उणीव भरून निघत नाहीं. विनापरवाना बांधकामावरही कर बसतोच. खरेदीखताची नोंदणी म्हणजेही बांधकामाची मंजुरी नव्हे.

नाशिककरांस हा धडा कपाटांनीं शिकविला. कपाटाची जागा चटईक्षेत्रांत न धरण्याची सवलत होती; अनेक इमारतींत ती जागा खोल्यांतच मिळवून घेण्यांत आली. २०१५ च्या सुमारास महापालिकेनें अशा इमारतींचे दाखले रोखिले. वाढीव क्षेत्र पैसे भरून नियमित करावें, तर अरुंद रस्त्यांवरील इमारतींस तीही वाट मोकळी नव्हती. भिंतींतल्या कपाटापायीं कित्येक कुटुंबांचे व्यवहार वर्षानुवर्षें अडून राहिले.

मग करावें काय? प्रथम महापालिकेच्या नगररचना विभागांत जुनी नस्ती शोधावी. २००५ च्या माहिती अधिकार कायद्यान्वयें अर्ज करून नकला मागतां येतात. घर १९८२ पूर्वींचें असल्यास एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. त्या सालीं नाशिक, नाशिकरोड-देवळाली व सातपूर या नगरपालिका आणि आसपासचीं खेडीं मिळून महापालिका झाली. तेव्हां मूळ परवानगी त्या वेळच्या संस्थेच्या नांवें शोधावी लागेल. मूळचा दाखला घेतलाच नसेल, तर परवानाधारक वास्तुशिल्पज्ञाकडून मोजणी करवून घर मंजूर नकाशाशीं ताडून पाहावें. मागाहून बांधलेली खोली वा बंद केलेला सज्जा नियमांत बसत असेल, तर शुल्क भरून नियमित करून घेतां येतो. बसत नसेल, तर गिऱ्हाइकास तें आधींच सांगावें. लपवाछपवींत विसार परत करण्याची पाळी येते आणि घराण्याची अब्रूही जाते.

आमच्या मतें हें काम विक्रीच्या दिवसाकरितां ठेवूंच नये. नकाशा कोणीं काढिला, मागची खोली कोणत्या सालीं वाढविली, हें घरांतील वडीलधाऱ्यांसच ठाऊक असतें. तीं माणसें आहेत तोंवर शेजारीं बसून विचारून घ्यावें. कागदाची नक्कल कचेरींत मिळूं शकेल. त्यांच्या आठवणींची नक्कल कोठेंच मिळणार नाहीं.